बोल्टनच्या बेंचवरची साडेचार वर्षं: अली अल-हब्सीचं चुकलं का?

रुवीकर:
काल मस्कतच्या रुवी भागातल्या कॅफेटेरियात करक चहा घेता घेता ऑफिसातल्या ओमानी मित्राशी चांगलंच वाजलं. तोच विषय इथे मांडतोय.

ओमानचा फुटबॉल गोलकीपर अली अल-हब्सी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मस्कतच्या विमानतळावर अग्निशमन दलात नोकरी करणारा पोरगा. जॉन बरिज या इंग्रज गोलकीपिंग कोचने त्याला हेरलं. 2003 मध्ये तो नॉर्वेच्या लिन ऑस्लो क्लबात गेला आणि 2004 मध्ये तिथल्या लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. जानेवारी 2006 मध्ये बोल्टन वाँडरर्स या क्लबने त्याला इंग्लंडला नेलं. पुढे प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळलेला तो पहिला ओमानी.

माझी तक्रार बोल्टनपासून सुरू होते. तिथे यूसी यास्केलाइनेन हा फिनलंडचा गोली पाय रोवून उभा होता. 2010 पर्यंत अलीच्या वाट्याला लीगचे जेमतेम 10 सामने आले. वय 24 ते 28, म्हणजे ऐन उमेदीचा काळ. नॉर्वेत नंबर एक असलेल्या माणसाने दर शनिवारी ट्रॅकसूट घालून दुसऱ्याचा खेळ बघत बसायचं? हॉलंड, बेल्जियम, कुठेही गेला असता तर दीडेकशे सामने पदरात पडले असते. मित्र म्हणतो, प्रीमियर लीगचा उंबरा ओलांडला हेच पुष्कळ. मला ते पटत नाही.

तालीम_नंबर_1:
तुमचं म्हणणं फॉरवर्डच्या बाबतीत खरं असेल. गोलीच्या बाबतीत साफ चूक.

मी कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून सहा सीझन गोलकीपर होतो, त्यातले तीन राखीव. बेंचवरचा गोली नुसता बसून नसतो. रोजच्या सरावात पहिल्या गोलीइतकेच, कधी जास्त शॉट त्याच्यावर येतात. समोरचा कॉर्नर कुठे टाकतो, आपला स्टॉपर (मधला बचावपटू) कधी झोपतो, हे त्याला बाहेरून जास्त नीट दिसतं. आणि गोली पिकतोच तिशीच्या आसपास.

आता हिशोब बघा. 2010 मध्ये विगन या दुसऱ्या प्रीमियर लीग क्लबने त्याला लोनवर, म्हणजे उसना, घेतलं. 28 ऑगस्टला टॉटनहॅमच्या मैदानावर विगनकडून लीगचा पहिला सामना: 1-0 ने जिंकले, एकही गोल खाल्ला नाही. सीझन संपताना क्लबचा सर्वोत्तम खेळाडू हाच. 2011-12 मध्ये लीगचे सगळेच्या सगळे 38 सामने खेळला. लिव्हरपूलच्या चार्ली ॲडमची पेनल्टी अडवली तीही याच सीझनला. शेवटच्या टप्प्यात विगन खालच्या लीगमध्ये जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तेव्हा या संघाने ॲनफिल्डवर लिव्हरपूलला, घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडला, मग आर्सेनलला त्यांच्याच घरात हरवलं. त्या वर्षी युनायटेडची लीग गुण सारखे असूनही गोलफरकावर गेली, म्हणजे विगनमधल्या त्या 1-0 ची किंमत काय होती बघा. गोलमध्ये अली होता. साडेचार वर्षं गंज चढलेला माणूस असा खेळत नाही.

रुवीकर:
विगनचा अली मलाही आवडतो, वाद त्यावर नाहीच. उलट 28 व्या वर्षी जे जमलं ते 25 व्या वर्षी का जमलं नसतं? नोव्हेंबर 2007 मध्ये यूएफा कपात (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) म्युनिकला बायर्नविरुद्ध खेळवला, तेव्हा सामना 2-2 सुटला. तयार होताच की तो! त्यानंतरही परत बेंच. तिथे त्याने बॅग भरायला हवी होती.

सीब_ते_सांगली:
मी तेव्हा मस्कतला होते, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं फक्त इंग्लंडचं बोलताय. त्याच "वाया गेलेल्या" काळात हा माणूस ओमानसाठी काय करत होता?

आखाती चषक, म्हणजे आखाती देशांच्या संघांची स्पर्धा, हा या लोकांचा जीव की प्राण. 2004 ला फायनलमध्ये कतारकडून पेनल्टीवर हरले. 2007 ला फायनलमध्ये अमिरातीकडून 1-0. दोन्ही वेळा परक्या गावात, यजमानांकडून. 2009 ला स्पर्धा मस्कतला आली आणि अख्ख्या स्पर्धेत ओमानने एकही गोल खाल्ला नाही. 17 जानेवारीची फायनल सौदीविरुद्ध, जादा वेळेनंतरही 0-0, मग पेनल्टीवर 6-5. आमच्या इमारतीतल्या ओमानी आजीबाई टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या, पेनल्टी बघवत नव्हत्या त्यांना. नंतर कुरमच्या रस्त्यावर पहाटेपर्यंत हॉर्न. गाडीच्या टपावर बसलेल्या एका पोराने हातात भांडी धरायचे जाड मिट्ट घातले होते, गोलीचे ग्लोव्ह्ज म्हणून. ते चित्र मी विसरलेले नाही.

सलग चार आखाती चषकांत सर्वोत्तम गोलकीपर ठरला तो. बेंचवर बसून हे होत असेल तर बसू दे ना.

रुवीकर:
ताई, तुमची आठवण वाचून अंगावर काटा आला. पण याच आठवणीने माझी बाजू घट्ट होते. ती फायनल जिंकून तो बोल्टनला परतला आणि पुन्हा यास्केलाइनेनच्या मागे बसला. अरब जगातल्या सर्वोत्तम गोलींपैकी एक!

तालीम_नंबर_1:
आणि दीड वर्षाने विगनने त्याला घेतला, तो आधीपासून इंग्लंडमध्ये होता म्हणूनच. इंग्लंडच्या वर्क परमिटचे नियम तेव्हा ओमानसारख्या रँकिंगच्या देशातल्या खेळाडूंना किती कडक होते ते आठवा. एकदा बाहेर पडला असता तर परत आत येणं सोपं नव्हतं. तो दारात पाय अडकवून उभा राहिला, हे मला धोरण वाटतं.

आपला गुरप्रीत सिंग संधू बघा. 2014 ला नॉर्वेच्या स्टाबेकला गेला, 2016 मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळलेला पहिला भारतीय झाला, आणि 2017 ला बेंगळुरूला परतला. आल्यावर उत्तम खेळला, बरीच वर्षं भारताचा नंबर एक राहिला. पण युरोपचं दार त्याच्यासाठी परत उघडलं नाही.

मडगावकार:
एक बाजू राहिली. 2013 ची एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) फायनल. विगनने मँचेस्टर सिटीला 1-0 हरवलं, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस, आणि गोलमध्ये होता जोएल रोब्लेस. अली परत बेंचवर. तीनच दिवसांनी आर्सेनलकडून 4-1 हरून विगन खाली घसरलं. 2017 ला रेडिंगकडून वेम्बलीवर प्रीमियर लीगमध्ये जाण्यासाठीची प्ले-ऑफ फायनल खेळला, हडर्सफील्डविरुद्ध 0-0, पेनल्टीवर गेली. जानेवारी 2018 मध्ये कुवेतमध्ये ओमानने दुसरा आखाती चषक जिंकला, तेव्हा गोलमध्ये फैझ अल-रुशैदी. माझ्या मते बोल्टनपेक्षा ही तीन दुःखं मोठी. बोल्टनला निदान त्याने स्वतः ठरवून वाट बघितली होती.

सीब_ते_सांगली:
कुवेतच्या त्या फायनलला पेनल्टी अडवणारा रुशैदी लहानपणापासून कोणाला बघत मोठा झाला असेल, मडगावकार?

रुवीकर:
हे मान्य. तरी मित्र म्हणतो "त्याने दार उघडलं", यावर माझा आक्षेप आहे. त्याच्यानंतर दुसरा ओमानी प्रीमियर लीगमध्ये खेळलेला नाही. ओमानची लीग व्यावसायिक झाली 2013 ला, तोवर बरेच खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत. बरिजसारखा एक माणूस भेटला म्हणून एक अली निघाला. मित्राला मी हेच म्हणालो, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, माझा पुतण्या सीबच्या समुद्रकिनाऱ्यावर रोज संध्याकाळी खेळतो, आणि गोलमध्ये कोण उभं राहायचं यावरून पोरांत भांडणं होतात. आमच्या लहानपणी तिथे कोणी उभं राहायला तयार नसायचं.

तालीम_नंबर_1:
शुक्रवारी जाऊन बघून या तो खेळ, आणि इथे लिहा.