सातवीतल्या वाचनाच्या गुणांबद्दल मॅडमशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिश, स्टेट बोर्ड. यंदा मराठीच्या मॅडमनी आठवड्यातला एक तास नुसत्या वाचनाला दिलाय. त्याबद्दल तक्रार नाही, उलट बरंच वाटलं. अडचण गुणांची आहे.

मुलांनी वाचनवही ठेवायची. पुस्तकाचं नाव, किती पानं वाचली, पालकांची सही. आठवड्याला ५० पानं झाली की पूर्ण गुण, कमी भरली की गुण कापले. शिवाय वर्गात प्रकट वाचन, तेही घड्याळ लावून. हे सगळं आकारिकमध्ये, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात धरतात.

आमची कन्या सावकाश वाचते. अडखळत नाही, पण एखादं वाक्य आवडलं की मागे जाऊन पुन्हा वाचते. नंतर गोष्ट विचारा, कोण कुणाला काय म्हणालं इथपर्यंत सांगेल. मराठीत नेहमी अ-२ असायची, या सत्रात ब-१. वर्गात काही मुलं आठवड्याला दोन-दोन पुस्तकं ‘संपवतात’, त्यांच्या वह्यांवर रविवारी रात्री एका बैठकीत सह्या होतात, हे आम्हा सगळ्या आयांना माहीत आहे. असो.

त्यात मामाकडून ‘किशोर’चे जुने अंक मिळाले, त्यात ती बुडून गेली होती. ती पानं धरली नाहीत. कारण मासिक म्हणजे पुस्तक नव्हे!

सातवीच्या मुलाकडून वाचनात नेमकी काय अपेक्षा ठेवावी? हे गुण शिक्षक आपल्या मनाने ठरवू शकतात का? आणि मुलीवर राग न निघता हे बोलायचं कसं? शनिवारी पालकसभा आहे. आमचे हे म्हणतात, सातवीची श्रेणी पुढे कोण विचारतंय, सोडून दे. पण पोरगी हल्ली पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडून आकडा बघते. ते मला खटकतंय.

निफाडचा मास्तर:
ताई, मी जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला शिकवतो. २०१० च्या शासन निर्णयाने सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ६० गुण ठरवून दिलेत. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं येतात आणि त्यांना किती गुण द्यायचे हे विषयशिक्षक बघतो. त्यामुळे ‘तुम्हाला अधिकारच नाही’ या वाटेने जाऊ नका, हराल.

घड्याळाचं मात्र विचारा. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या मोहिमेत मिनिटाला शब्द मोजतात ते लहान वर्गांसाठी. तिसरीला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. सातवीच्या पोराला वाचलेल्यावर स्वतःचं मत देता येतं का, लेखकाने न सांगितलेलं ओळखता येतं का, हे बघायला हवं. अर्थात भरलेल्या वर्गात पानं मोजणं सोपं पडतं, मॅडमचीही बाजू आहे. मी वहीत पानांऐवजी वाचताना पडलेला एक प्रश्न लिहायला सांगतो. खोटा प्रश्न लिहायलाही पुस्तक उघडावं लागतं.

सिडकोची सुनंदा:
अहो, ‘किशोर’ खुद्द बालभारतीच काढतं की! १९७१ पासून. मॅडम ज्यांचं पाठ्यपुस्तक शिकवतात त्यांचंच मासिक, मग त्याची पानं कशी चालत नाहीत? जुने अंक नेटवर फुकट वाचायला ठेवलेत, मोबाइलवर उघडून दाखवा.
आणि सभेत चारचौघांत नका काढू विषय. दुसऱ्या मुलांच्या सह्यांबद्दल तर अवाक्षर नको, नाहीतर मूळ मुद्दा राहील बाजूला आणि भांडण तेवढं होईल.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. ‘किशोर’ बालभारतीचं आहे हे रोज हाताळूनही लक्षात आलं नव्हतं. सभेआधी डायरीत चिठ्ठी लिहून वेगळी दहा मिनिटं मागते. मास्तर, मुलं कसले प्रश्न लिहितात? एखादा नमुना द्याल का, मॅडमना दाखवायला?

निफाडचा मास्तर:
परवाच एकाने लिहिलं, ‘राजा रोज शिकारीला जातो, मग दरबार कधी भरवतो?’ पैकीच्या पैकी दिले.