मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चाचणीत २ सेकंदांत होते, तरी डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) परत का पाठवतात?

प्रश्न:
डेटाबेस पोस्टग्रेस १५ आहे. ४ कोटी ओळींच्या ऑर्डर टेबलात एक नॉट नल (रिकामा ठेवता न येणारा) कॉलम आणि त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) हवा आहे. चाचणीच्या डेटाबेसवर स्क्रिप्ट २ सेकंदांत होते, पण डीबीए 'अशी चालवणार नाही' म्हणतात. आमच्याकडे रिलीजच्या आदल्या दिवशी स्क्रिप्ट त्यांच्या हातात पडते. काय बदलावे?

प्रतिसाद १:
डीबीएंचे बरोबर आहे. चाचणीत ओळी कमी असतात हे आहेच, पण खरी गोम अशी की तिथे दुसरे कोणी ते टेबल वापरत नसते. कॉलम वाढवणाऱ्या आल्टर टेबलला अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (वाचणाऱ्यांनाही थांबवणारे कुलूप) लागतो. त्या टेबलवर एखादा रिपोर्ट १० मिनिटे चालू असेल, तर आल्टर त्याच्यामागे थांबतो आणि आल्टरच्या मागे साधे सिलेक्टसुद्धा (नुसत्या वाचणाऱ्या क्वेरी) रांगेत अडकतात. काम मिलिसेकंदांचे, पण रिपोर्ट संपेपर्यंत अ‍ॅप ठप्प. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लॉक टाइमआउट ३ सेकंद ठेवा. लॉक नाही मिळाला तर सोडून द्यायचे, थोड्या वेळाने पुन्हा.

शिवाय स्क्रिप्टचे तुकडे करा. आधी कॉलम नल चालेल असा घ्या. मग त्यात लिहिणारा कोड चढवा, आणि त्यानंतरच जुन्या ओळी ५ ते १० हजारांच्या गटांनी भरा, दर गटाला कमिट (बदल पक्का). हा क्रम उलटला तर मधल्या काळातल्या ओळी रिकाम्या राहतात. शेवटी 'नल नाही' असा चेक कन्स्ट्रेंट (नियम) नॉट व्हॅलिड, म्हणजे जुन्या ओळी न तपासता, टाका, वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कामांचा गट) व्हॅलिडेट करा आणि मग सेट नॉट नल. आवृत्ती १२ पासून अशा वेळी टेबल पुन्हा तपासले जात नाही.

प्रतिसाद २:
आदल्या दिवशी स्क्रिप्ट देणे हीच मूळ अडचण आहे. टेबलाची रचना ठरतानाच डीबीएंना सांगा: ओळी किती, रोज किती वाढणार, कोणती क्वेरी मिनिटाला किती वेळा येणार, आणि बदल मागे कसा घ्यायचा. सोबत एक्सप्लेन अ‍ॅनालाइजचा (क्वेरी चालवून ती कशी चालली आणि किती वेळ लागला ते दाखवणारी आज्ञा) निकाल जोडा. मात्र त्यात अपडेट-डिलीट खरोखर चालतात, तेव्हा ट्रान्झॅक्शनमध्ये घेऊन रोलबॅक (बदल रद्द) करा. प्रत्येक सर्व्हिसने कनेक्शनला आपले नाव द्यावे, म्हणजे अडकलेली क्वेरी कोणाची ते डीबीएंना लगेच दिसते.

डीबीएंनीही क्वेरींची आकडेवारी डेव्हलपरना वाचायला खुली करावी. नुसते 'नाही' ऐकून कोणी शिकत नाही.

प्रश्नकर्ता:
चाचणीत इंडेक्स कॉन्करंटली (टेबलात लिहिणे न अडवता) करून पाहिला, मध्येच तुटला. आता पुन्हा केला तर डेटाबेस 'आधीच आहे' म्हणतो.

प्रतिसाद १:
तो इंडेक्स इनव्हॅलिड (अर्धवट, न वापरता येणाऱ्या) अवस्थेत उरला आहे. क्वेरीला उपयोग शून्य, पण प्रत्येक इन्सर्टवर त्याचा भार पडतो. ड्रॉप इंडेक्स कॉन्करंटली करून नव्याने बांधा. 'इफ नॉट एग्झिस्ट्स' (नसेल तरच बनव) लावू नका, नाहीतर स्क्रिप्ट हा मोडका इंडेक्स पाहून गुपचूप पुढे जाईल. आणि कॉन्करंटली ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, म्हणून मायग्रेशन टूलमध्ये त्या एका पायरीपुरते ट्रान्झॅक्शन बंद ठेवा.