टीईटीविरोधात शाळा बंद : शिक्षक संघटना नक्की कुणासाठी लढतात?

पालक, सातारा जिल्हा
मुलगी झेडपीच्या शाळेत चौथीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला निकाल दिला : पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या, पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं. लगेच संघटना रस्त्यावर. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला, तोही बोर्डाच्या परीक्षा चालू असताना. पेन्शनची मागणी मला पटते. पण पोरांना भागाकार येत नाही, यासाठी मोर्चा निघाल्याचं मी पाहिलं नाही.

निवृत्त मुख्याध्यापक
सप्टेंबर 2024 मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं, तेव्हा मोर्चे निघाले ते कुणासाठी? वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता. त्यातला एक बीएलओ (निवडणुकीचा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयादी घेऊन घरोघर फिरतो, दुसरा पोषण आहाराची माहिती भरतो. भागाकार शिकवायचा कुणी आणि कधी? आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच कामांना मुभा आहे. बाकीच्या कामांना नाही म्हणायचं बळ एकट्या शिक्षकाकडे नसतं, ते संघटनेमुळे येतं. आणि टीईटी आली 2010 नंतर. 1998 ला डीएड करून लागलेल्याला आता नोकरीवरून काढायची भीती घालणं हा अन्याय आहे.

शिक्षणसेविका, नंदुरबार
सर, अशैक्षणिक कामांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. पण मी टीईटी देऊन, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागले आणि 16 हजार मानधनावर तीन वर्षं काढायची आहेत. माझ्यासाठी नियम, जुन्यांना सूट, हे मला मान्य नाही. 2017 ला ऑनलाइन बदल्या आल्या तेव्हाही काही संघटनांनी मोर्चे काढले. त्याआधी ज्यांची ओळख नव्हती ते वर्षानुवर्षं अवघड (दुर्गम) क्षेत्रात अडकले होते. ती ओळखीची पद्धत मोडली हे चांगलंच झालं, आणि ते संघटनेच्या नेत्यांनी आधी मागायला हवं होतं.

पालक, सातारा जिल्हा
मॅडम, हेच म्हणतोय. संघटनेची ताकद मोठी आहे, म्हणून तर अपेक्षा आहे. जुन्या शिक्षकांसाठी टीईटीचे वर्ग संघटनेनेच तालुक्याला सुरू करावेत. आम्ही पालक साथ देऊ.

निवृत्त मुख्याध्यापक
वर्गांचं मान्य, मी स्वतः गणित घेईन. पण मग बीएलओचं काम शिक्षकांकडून काढा, असा ठराव तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीने करून तहसीलदारांना द्यावा. त्यावर पालकांच्या सह्या हव्यात.