‘टू सी’ की ‘टू बी सीन’? इंग्रजी इन्फिनिटिव्हच्या अर्थभेदाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार,

मी कोल्हापुरात राहतो आणि दहावीतल्या पुतणीचा इंग्रजीचा अभ्यास रोज संध्याकाळी घेतो. पावसाळ्यात आम्ही पन्हाळ्याला गेलो, तेव्हा धुके इतके दाट होते की सज्जाकोठीवरून खालचे खोरे सोडाच, हाताजवळचा कठडासुद्धा धड दिसेना. त्या सहलीवरच्या निबंधात तिने ‘देअर वॉज नथिंग टू सी’ असे लिहिले. शिकवणीच्या बाईंनी ‘टू सी’खाली लाल रेघ ओढून वर ‘टू बी सीन’ लिहिले. कारण मात्र सांगितले नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्या वाक्याचा अर्थ ‘पाहण्यासारखे काही नव्हते’ असा होतो आणि तीन दरवाजा, अंबरखाना असलेल्या गडाबद्दल तो निखालस खोटा आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘काहीच दिसत नव्हते’. तसेच ‘नथिंग टू डू’ म्हणणारा रिकामा बसून कंटाळलेला असतो, तर ‘नथिंग टू बी डन’ म्हणणाऱ्याने हात टेकलेले असतात. इथपर्यंत ठीक आहे. पण मग ‘देअर इज अ लॉट ऑफ वर्क टू डू’ आणि ‘टू बी डन’ यांचा अर्थ एकच कसा? आणि घर स्वतः काही भाड्याने देत नाही, तरी पाटीवर ‘टू लेट’ का? (राजारामपुरीतल्या ‘खोली भाड्याने देणे आहे’ या पाट्यांचीही तीच गत आहे, हे आत्ता लिहितानाच ध्यानात आले.) पुतणीला सांगता येईल असा काही नियम आहे का?

प्रतिसाद

आपली समजूत बरोबर आहे. क्रिया करणारा वाक्यात हजर असेल, तर सहसा कर्तरी रूप येते: ‘आय हॅव लेटर्स टू राइट’, कारण पत्रे मीच लिहिणार. ‘देअर इज’च्या वाक्यात करणारा अध्याहृत राहतो, म्हणून बहुधा दोन्ही रूपे चालतात, ‘नथिंग’, ‘समथिंग’, ‘एनिथिंग’ यांच्यापुढे ‘डू’ किंवा ‘सी’ आले की मात्र अर्थ फुटतो. ‘द फॉर्म इज टू बी फिल्ड इन’ यात कर्मणीच हवे. ‘टू लेट’ आणि ‘ही इज टू ब्लेम’ हे अपवाद आहेत. जुन्या इंग्रजीत कर्तरी रूप कर्मणी अर्थानेही वापरत, त्याच्या या खुणा. ‘हार्ड’, ‘ईझी’ यांच्यापुढेही कर्तरीच येते: गड ‘हार्ड टू क्लाइंब’ असतो, ‘टू बी क्लाइंब्ड’ नव्हे.

यात मराठीही फारशी मदत करत नाही. ‘कोंबडी खायला तयार आहे’ म्हटले, तर ती ताटात आहे की दाणे टिपायला आली आहे, हे कळत नाही; ‘द चिकन इज रेडी टू ईट’ची अडचण हीच.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पुतणीचे म्हणणे असे की, गड चढताना दमछाक झाली तेव्हा ‘टू सी’सुद्धा खरेच वाटत होते. तरी तिने वाक्य ‘बिकॉज ऑफ द फॉग, देअर वॉज नथिंग टू बी सीन’ असे करून घेतले आहे.