क्लस्टरचे जॉब रात्री टाकायचे की भर दुपारी?

तापीकाठ
मंडळी, एक विषय काढतो, भांडण झालं तरी चालेल. आमच्या कॉलेजात (जळगावच्या बाजूला, नाव राहू द्या) छोटा क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर, एकेकाला नोड म्हणतात) आहे, जॉबची रांग लावणारं शेड्युलर स्लर्म टाकलेलं, पोरं त्यावर सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित) आणि मशीन लर्निंगचे जॉब चालवतात. उन्हाळ्याचं बिल बघून वरून फर्मान आलं की वीज वाचवा, आणि कशी तर सगळ्या नोडची क्लॉक (प्रोसेसरचा वेग) कायमची उतरवून ठेवा. माझं म्हणणं आहे हे साफ उलटं आहे. जॉब रात्री दहानंतर सोडायचे, पूर्ण स्पीडने पळवायचे, रांग संपली की नोड सरळ बंद. रिकामा सर्व्हर काही फुकट बसत नाही, गूगलच्या बारोसो आणि होल्झल यांनी २००७ मध्येच लिहून ठेवलंय की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के लोडवरच असतात आणि काहीच काम नसलं तरी फुल लोडच्या निम्म्याच्या आसपास वीज खातात. तेव्हापासून हार्डवेअर सुधारलंय हे मान्य, पण आमच्या रॅकमधलं नाही सुधारलं ना भो.

सातपुडा_७७
"पूर्ण स्पीडने" इथेच माझा आक्षेप. चिपची डायनॅमिक पॉवर व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या हिशोबाने वाढते, आणि क्लॉक वर न्यायची तर व्होल्टेज पण वर न्यावं लागतं, त्यामुळे टर्बोच्या (नेहमीपेक्षा वर चढवलेल्या क्लॉकच्या) शेवटच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्झला जी वीज जाते ती बरीचशी नुसती रूम तापवायला जाते. त्यात तुझे सीएफडीवाले जॉब, त्यांचा निम्मा जीव मेमरीची वाट बघण्यात जातो, तिथे क्लॉक थोडी उतरवली तरी जॉबचा वेळ जेमतेम वाढतो. फर्मान काढणारा चुकून का होईना बरोबर बोललाय.

तापीकाठ
भाऊ तुझं सूत्र फक्त चिपपुरतं. लीकेज (चिपमधून नुसती झिरपणारी वीज), पंखे, पॉवर सप्लाय, डिस्क, स्विच हे सगळं जॉब चालू आहे तोवर चालूच, जॉब लांबला की त्यांचंही मीटर तेवढं जास्त फिरतं. लोक रॅपलचं (प्रोसेसरमध्येच असलेल्या वीज-काउंटरचं) रीडिंग दाखवतात आणि म्हणतात वाचली वीज, अरे रॅपल प्रोसेसर आणि फार तर मेमरी सांगतं, पंखे आणि एसी कोण मोजणार? प्लगला मीटर लाव मग बोलू.

केळीवाला_रावेर
मी पुण्यात आयटीत होतो, आता गावी बागेत. क्लॉकचं तुम्ही बघा, पण या रात्रीच्या हौशीचा मला राग येतो. आम्हाला पंपाला रात्रीची लाइन देतात तशी तुम्ही पोरांना रात्रीची रांग देऊन राहिले. जॉब रात्री सव्वादहाला फाइलचा पाथ चुकला म्हणून मेला तर पोराला कळणार सकाळी, आणि परत टाकायला मिळणार पुन्हा रात्री, म्हणजे एका स्पेलिंगपायी पूर्ण दिवस गेला. हा दिवस तुमच्या युनिटमध्ये कुठे धरलाय?

फैजपूरकर_ताई
तापीकाठ सर, रात्रच का हे तुम्ही सांगितलंच नाही. रात्रीची वीज म्हणजे मुख्यतः कोळसा, दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या भागातून दिसतात म्हणून सांगते. दिवसा राज्यात सोलर चढतं, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ पासून आहे आणि त्यानंतर तर किती उभे राहिले, दुपारी सोलर भरपूर असलं की थर्मलच्या संचांना लोड कमी करायला लावतात. जुलै २०२५ पासून टीओडी (वेळेनुसार दर) मीटरवाल्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये युनिटमागे सवलत पण आहे. गूगलने २०२० मध्ये हेच जाहीर केलं, घाई नसलेलं काम स्वच्छ वीज असेल त्या तासांकडे सरकवायचं. तुमचं ट्रेनिंग दुपारी का नाही सरकत?

तापीकाठ
ताई, गूगलच्या डेटा सेंटरचं मे महिन्यातल्या जळगावात काही चालत नाही. पारा ४५ ला टेकतो. आमच्या रूमच्या एसीचं आउटडोअर युनिट पश्चिमेच्या गच्चीवर बसवलंय, पत्र्याला लागून, दुपारी तीनला ते भट्टीतली हवा ओढतं आणि त्याच हवेत उष्णता टाकायला बघतं, कॉम्प्रेसर कटच होत नाही. वर नोडचे पंखे बोंबलतात ते वेगळं, पंख्याचा वेग दुप्पट झाला की पॉवर साधारण आठपट जाते. तेच काम रात्री केलं तर युनिट कमी लागतात.

फैजपूरकर_ताई
मग आधी ठरवा ना काय वाचवायचंय, युनिट, पैसे की कोळसा, ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि तुम्ही तिन्ही एका वाक्यात बोलता. दुपारी युनिट जास्त जाऊनही बिल कमी येऊ शकतं, रात्री युनिट कमी जाऊनही कोळसा जास्त जळू शकतो. आणि जानेवारीत काय? तेव्हा आपल्याकडे दुपारी सोलर पण आणि हवा पण गार, तेव्हा रात्रीचा हट्ट कशाला? शिवाय गच्चीवर सावलीचं शेड टाका आधी, शेड्युलरच्या आधी ते.

नंदुरबारी_सीएस
तुम्ही घड्याळावरच भांडून राहिले, जॉब कसे लावलेत ते कोणी बघितलं का? एमपीआयचा जॉब (बऱ्याच प्रोसेस एकमेकांना मेसेज पाठवत एकच काम करतात तो) चौसष्ट कोअरवर टाकला, कामाची वाटणी बिघडलेली, एका प्रोसेसकडे डोंगर आणि बाकीचे त्याची वाट बघतायत, पण ते गप्प बसत नाहीत, मेसेज आला का मेसेज आला का करत पोलिंग करत राहतात. टॉपमध्ये (लोड दाखवणारी कमांड) सगळे १०० टक्के दिसतात, तुम्ही म्हणता वा काय कामाला लागलाय क्लस्टर! यात रात्र-दिवस काय करणार. टास्कचा ग्राफ मांडा, सगळ्यात लांब साखळी कोणती ते काढा, तिच्यावरचे टास्क फुल स्पीडने, आणि ज्यांच्याकडे सवड आहे त्यांचीच क्लॉक उतरवा, एकूण वेळ तेवढाच राहतो. म्हणजे सातपुडा पण बरोबर, तापीकाठ पण बरोबर, फक्त वेगवेगळ्या टास्कसाठी.

सातपुडा_७७
कागदावर छान आहे दादा, पण प्रत्येक टास्कला किती वेळ लागणार हे आधी माहीत पाहिजे ना. इथे पोरं दोन तासांच्या जॉबला पण ७२ तासांची वॉलटाइम (जॉबची कमाल मुदत) लिहितात, मारला जाऊ नये म्हणून. त्यामुळे बॅकफिलची (रांगेतल्या फटीत छोटे जॉब बसवण्याची) पण वाट लागते, मध्ये रिकामी जागा असून छोटा जॉब तिथे बसतोय हे शेड्युलरला कळतच नाही, नोड वीज खात उभे.

धुळे_एक्सप्रेस
इतलं सगळं करापेक्षा पोरेसले सांग ना भो, टाइम बरोबर लिखा म्हनीसन 😄

तापीकाठ
सांगून थकलो राव. स्लर्ममध्ये सस्पेंडटाइम अर्ध्या तासाचं ठेवतोय, तेवढा वेळ नोड रिकामा राहिला की बंद, जॉब आला की आपोआप उठेल. फर्मानवाल्यांना टर्बो बंद करून देतो, तेवढं सातपुडाचं ऐकलं. रात्रीचं मात्र उन्हाळ्यापुरतं मी सोडणार नाही.

सातपुडा_७७
सगळे नोड एकदम उठवू नको, रिझ्युमरेट (मिनिटाला किती नोड उठवायचे ते) बघून लाव, जुन्या यूपीएसवर एका वेळी इतका लोड आला तर तोच आधी बसेल.

फैजपूरकर_ताई
आणि मीटर एसीच्या लाइनलाही लावा, नुसतं रॅकला नको. मे महिन्यात एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तेच जॉब. मग आकडे इथे टाका, तोपर्यंत माझं मत दुपारचंच.

केळीवाला_रावेर
दोन नोड दिवसा डीबगला (चुका शोधायला) उघडे ठेवा, पंधरा मिनिटांच्या लिमिटने. बाकी काय ते तुमचं चालू द्या.