मदत हवी आहे: फोन माळ्यावर, लॅपटॉप माजघरात, आणि २ जीबी दुपारच्या आत गायब

नमस्कार मंडळी,

आईच्या खुब्याचं हाड मोडलंय. तिच्याजवळ राहायला लांज्याजवळच्या आमच्या गावी आलेय, निदान तीन महिने इथेच आहे. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली, पण गावात वायरचं नेट नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच लॅपटॉप चालवते.

घर जुनं, चिऱ्याचं. रेंज फक्त माळ्यावरच्या खिडकीत. आई खाली माजघरात. फोन वर ठेवून खाली बसले की हॉटस्पॉट दिसतो, पण सारखा तुटतो. फोन खाली आणला तर त्यालाच रेंज नाही. त्यामुळे मी वर बसते आणि तिने हाक मारली की धावत उतरते. कूस बदलायलाही तिला माणूस लागतं हो. मला तिच्या शेजारी बसूनच काम करायचंय.

दुसरं म्हणजे रोजचा २ जीबी डेटा. एक्सेलच्या फायली, मेल आणि अर्ध्या तासाची एक मीटिंग, तीही कॅमेरा बंद ठेवून. तरी साडेअकराला डेटा संपल्याचा मेसेज येतो आणि स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. मग मेलसुद्धा उघडत नाही. फोनमध्ये सगळा खर्च 'हॉटस्पॉट' एवढ्याच नावावर दिसतो. लॅपटॉपमध्ये नेमकं कोण खातंय?

लॅपटॉप विंडोज ११, फोन अँड्रॉइड, हॉटस्पॉट ५ गीगाहर्ट्झवर.

प्रतिसाद १
ताई, आधी हॉटस्पॉटचा बँड २.४ गीगाहर्ट्झ करा. ५ वाला वेगवान, पण जाड भिंतीतून फारसा जात नाही. डेटासाठी लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, तिथे डेटा यूसेज पाहा. ॲपवार हिशोब मिळेल. मग वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणं) चालू करा. बहुतेक विंडोज अपडेट आपोआप उतरणं थांबतं, वनड्राइव्ह, म्हणजे फायली आपोआप ऑनलाइन साठवणारं ॲप, तेही थांबतं.

प्रतिसाद २
माळा लाकडी फळ्यांचा असेल तर भिंतीच्या नादी लागूच नका. फळ्यांच्या फटीतून यूएसबी केबल खाली सोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' (केबलवरून फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा. केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची चालणार नाही. साधी केबल ५ मीटरच्या वर नेऊ नका. फोन लॅपटॉपवर चार्जही होत राहील. मात्र विंडोजला हे इथरनेट वाटतं, म्हणून मीटर्ड तिथे वेगळं चालू करावं लागेल. वायफायचं इथे लागू होत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. खाणारं वनड्राइव्हच निघालं, जुने फोटो वर चढवत बसलं होतं. २.४ वर थोडा फरक पडला, पण मीटिंग दोनदा तुटली. आज बाजारातून ३ मीटरची केबल आणून फटीतून सोडली आणि आत्ता हे आईच्या उशाशी बसून लिहितेय.

एकच राहिलं: खिडकीत दुपारी ऊन येतं आणि फोन हात लावता येणार नाही इतका तापतो. रेंज न घालवता त्याला सावलीत कसं ठेवू?