मदत हवी आहे: अण्णांना नादमची कुस्ती दाखवायची आहे

नमस्कार मंडळी. येत्या जुलैत वडिलांना घेऊन मंगोलियाला नादम (तिथला पारंपरिक खेळांचा उत्सव) बघायला जायचं ठरवतोय. अण्णांचं वय 72. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत लाल माती अंगाला लावलेला माणूस, त्यामुळे घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजी राहिली तरी चालेल, कुस्ती चुकता कामा नये. तिकडे वजनी गट नाहीत. 512 मल्ल उतरतात, 9 फेऱ्यांत एकच उरतो. पाठ टेकवावी लागत नाही, गुडघा किंवा कोपर जमिनीला लागलं की हरला. हरलेला पैलवान जिंकलेल्याच्या हाताखालून वाकून जातो, हे व्हिडिओत पाहिलं तेव्हा अण्णांनी फोन तसाच धरून ठेवला, बराच वेळ बोललेच नाहीत.

11 जुलैला राजधानी उलानबातरच्या स्टेडियममध्ये उद्घाटन असतं. त्याची तिकिटं तुम्ही कशी मिळवली? एजंटाने सांगितलेला भाव फारच जास्त वाटतोय. अण्णांचे गुडघे दुखतात, तर पायऱ्या कमी चढाव्या लागतील अशी जागा मिळते का? की गर्दी टाळून एखाद्या सुममधला (म्हणजे आपल्या तालुक्यासारखा) छोटा नादम बघावा? तिथे आखाड्याच्या अगदी जवळ बसता येतं का?

दुसरी अडचण जेवणाची. अण्णा माळकरी, आणि नादमचा खास पदार्थ खुशूर, म्हणजे मटणाचं सारण भरून तळलेली करंजीच. सुट्टीच्या दिवसांत शाकाहारी जेवण कुठे मिळालं? की भाजणी, मेतकूट घरूनच न्यावं?

कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.